दिवाणजींची बाकी पाच

प्रश्न : बाई, स. न. वि. वि. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात चौतीस वर्षं दिवाणजी होतो. आता घरीच असतो. नात सातवीत आहे. तिच्या शिकवणीच्या सरांनी एक कोडं घातलं. १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन अंकांची संख्या २ ने निःशेष जावी, पहिल्या तिनांची ३ ने, चारांची ४ ने, असं करत करत अख्खी संख्या ९ ने. उत्तर ३८१६५४७२९. सर म्हणाले, जगात अशी एकच आहे, चमत्कार आहे. मला कुणी 'एकच' म्हणालं की संशय येतो. चार संध्याकाळी बसून मी आणखी दोन काढल्या. पहिली ९८७६५४३२१. दुसरी १४७२५८९६३, ही नातीच्या मोबाईलच्या आकड्यांवरून बोट फिरवताना सुचली. दोन्ही सगळीकडे बसतात. फक्त सातच्या ठिकाणी पहिलीत ५ आणि दुसरीत ६ बाकी राहते. अठ्ठ्याण्णव लाखांत पाच म्हणजे काहीच नाही. तेवढी घट धरून चालेल का? आणि एकच आहे हे सरांना कळलं कसं? सगळ्या संख्या कुणी लिहून पाहिल्या?
— एक निवृत्त दिवाणजी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दिवाणजी, नमस्कार. तुमच्या पाकिटातून भागाकाराचे पाठकोरे कागदही आले. उलटून पाहिलं तर मागच्या बाजूला जुन्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या. हळदीच्या पट्टीच्या पाठीवर सातचा भागाकार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. अक्षर इतकं सरळ, की शाळेत असते तर वर्गात फिरवलं असतं.

आधी घटीचं बोलू. हळद वाळते, पोत्यातून सांडते, तोलात मागेपुढे होते, म्हणून यार्डात घट धरतात. संख्या वाळत नाही. रोजमेळ पाच रुपयांनी जुळला नाही तर तुम्ही दुकान बंद करून घरी जात होता का? तुमच्या कागदावरचा भागाकार मी पुन्हा करून पाहिला. ९८७६५४३ ला सातने भागताना ९ मधून एक भाग गेला, उरले २. मग २८, बाकी शून्य. मग ७, पुन्हा शून्य. इथपर्यंत वाटतं, जमलं! पुढे ६ येतो आणि सहाच राहतो, मग ६५ मधून २ उरतात, २४ मधून ३, ३३ मधून ५. तुमची बाकी बरोबर आहे आणि म्हणूनच संख्या बाद आहे.

तरी तुमच्या या दोन संख्यांवर मी अर्धा दिवस घालवला, कारण त्या साध्या नापास नाहीत. ९८७६५४३२१ म्हणजे लपाछपीत राज्य असलेलं पोर उलटे आकडे म्हणतं तशी सरळ उतरंड. ९८ दोनने जातात, ९८७ तीनने, ९८७६ चारने, ९८७६५ पाचने, ९८७६५४ सहाने. सातला अडकते. आणि पुढे काही झालंच नाही अशा थाटात ९८७६५४३२ आठने जाते, भागाकार येतो १२३४५६७९. तुमची मोबाईलवाली तर त्याहून गमतीची. पहिली उभी रांग वरून खाली १, ४, ७, दुसरीही वरून खाली २, ५, ८, आणि तिसरी खालून वर ९, ६, ३. ज्यानं कुणी ती बटणं तशी मांडली त्याच्या मनात हे कोडं नक्कीच नव्हतं, पण तीही फक्त सातला पडते. आठ कसोट्यांतल्या सात पास. आमच्या वेळी एवढ्यावर वरच्या वर्गात ढकलायचे.

आता सरांना कसं कळलं. नऊ अंकांच्या मांडण्या होतात ३,६२,८८०. रोज शंभर तपासायच्या म्हटलं तर दहा वर्षं जातील. तसं कुणी करत नाही. पाखडून टाकायचं असतं.

पाचवा अंक पाचच. पाचने जायचं तर शेवटी ५ किंवा ० हवा आणि शून्य आपल्याकडे नाही. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंकच हवेत, आणि सम अंक आहेतही चारच : २, ४, ६, ८. म्हणजे ते तिथे संपले. उरलेल्या पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, नवव्या जागी १, ३, ७, ९. बघा, एका वाक्यात घर निम्मं आवरलं.

चारची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर असते. तिसरा अंक विषम आहे, त्यामुळे तिसरा-चौथा मिळून १२, १६, ३२, ३६, ७२, ७६, ९२, ९६ यांतलंच काहीतरी येणार. म्हणजे चौथा अंक २ किंवा ६. आठची कसोटी शेवटच्या तीन अंकांची, पण त्यातला सहावा अंक सम आहे आणि दोनशे आठने पुरते जातात, तेव्हा सहाव्याला सोडून द्या. सातवा-आठवा मिळून आठच्या पाढ्यात यायला हवेत : १६, ३२, ७२, ९६. छप्पन्नही आला असता, पण पाच आधीच बसलाय. म्हणजे आठवा अंकही २ किंवा ६. चौथ्या आणि आठव्या जागेनं २ आणि ६ वाटून घेतले, दुसऱ्या आणि सहाव्या जागेला ४ आणि ८ राहिले.

मग तीनची कसोटी. पहिल्या तिनांची बेरीज तीनने जाते, पहिल्या सहांचीही जाते, तर मधल्या तिनांचीही जायलाच हवी. मधले तीन म्हणजे चौथा, पाच आणि सहावा. चौथा २ घेतला तर सहावा ८ हवा, २५८. चौथा ६ घेतला तर सहावा ४ हवा, ६५४. तिसरा मार्गच नाही. इथं मी चहा घेतला.

२५८ घेतलं की दुसरा अंक ४, आठवा ६. पहिल्या आणि तिसऱ्या जागी १ आणि ७ हेच दोन बसतात, सातवा अंक ९ च येतो, आणि हाती दोन संख्या राहतात : तुमची १४७२५८९६३ आणि तिची जुळी बहीण ७४१२५८९६३. ६५४ घेतलं की दुसरा अंक ८, आठवा २, आणि सातव्या जागी ३ किंवा ७. त्यातून आठ संख्या निघतात. म्हणजे साडेतीन लाखांवरून आपण दहावर आलो आणि सातला अजून हातही लावलेला नाही.

त्या दहा, आणि पहिल्या सात अंकांना सातने भागल्यावर उरणारी बाकी, कीर्दीसारखी लिहिते. १४७२५८९६३, बाकी ६. ७४१२५८९६३, बाकी २. १८९६५४३२७, बाकी ५. ९८१६५४३२७, बाकी २. ७८९६५४३२१, बाकी ४. ९८७६५४३२१, बाकी ५. १८३६५४७२९, बाकी ६. १८९६५४७२३, बाकी २. ९८१६५४७२३, बाकी ६. आणि ३८१६५४७२९, बाकी शून्य. ३८१६५४७ म्हणजे ५४५२२१ गुणिले सात. खातं बंद.

यात एक जोडी मुद्दाम बघा : १८३६५४७२९ आणि ३८१६५४७२९. फरक एवढाच की पहिल्या आणि तिसऱ्या अंकानं जागा बदलल्या. दोन, पाच, आठ यांना ही अदलाबदल दिसत नाही, कारण ते फक्त शेपटाकडे बघतात. चारच्या शेपटात तिसरा अंक येतो खरा, पण विषमाच्या जागी विषमच आला तर त्याला फरक पडत नाही. तीन आणि नऊ बेरीज करतात, त्यांना कुणी कुठे बसलं याच्याशी देणंघेणं नाही. सहा म्हणजे दोन आणि तीनच. सात मात्र प्रत्येक अंक कुठल्या पाटावर बसलाय ते बघतो. म्हणून सगळी भांडणं त्याच्याशीच होतात.

मी शिकत होते तेव्हा आम्हाला वर्गात सांगितलं होतं की सातला कसोटी नाही. मी ते बरीच वर्षं खरं धरलं आणि, लाज वाटते सांगायला, दोन-तीन तुकड्यांना तसंच शिकवलंही. कसोटी आहे. लग्नाच्या आहेरात आपण १००१ चं पाकीट देतो ना, ते १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. हजार त्याच्याहून एकनं कमी. त्यामुळे सातच्या हिशोबात तीन घरं डावीकडे सरकलं की जमेचं नावे होतं आणि आणखी तीन घरं सरकलं की पुन्हा जमा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे (आपला लाखाचा स्वल्पविराम इथं विसरायचा) आणि एक जमा, एक नावे धरायचं. ३८१६५४७ चे गट ३, ८१६, ५४७. जमा ५४७ आणि ३, म्हणजे ५५०. नावे ८१६. फरक २६६, म्हणजे सात अडतीसे. तुमच्या उतरंडीचे गट ९, ८७६, ५४३. जमा ५५२, नावे ८७६, फरक ३२४. सातने जात नाही. हे तुम्हाला नातीपेक्षा लवकर जमेल, चौतीस वर्षं तुम्ही दुसरं केलंय काय?

राहिला सरांचा चमत्कार. इथं माझं सरांशी थोडं बिनसतं. दहा संख्या उरल्या आणि प्रत्येकीला सातने पुरतं जाण्याची शक्यता सातात एक. दहातल्या एक-दोन वाचाव्यात हीच अपेक्षा. एक वाचली. अशा जुगारात पाचातून एखाद्या वेळी एकही वाचली नसती, आणि मग हे कोडंच जन्माला आलं नसतं. 'एकच' हे खरं आहे, ते आपण वर तपासलंच. पण त्यामागे गूढ कारण शोधू नका. आपण दहाच्या गठ्ठ्यांनी मोजतो म्हणून हे असं आलं. सहाच्या गठ्ठ्यांनी मोजणारी माणसं असती तर त्यांच्याकडे १ ते ५ एवढेच अंक, आणि तिथं तुमची उतरंड ५४३२१ चक्क जमते. आपल्या आकड्यांत तिच्या पायऱ्या ५, ३४, २०७, १२४४, ७४६५ अशा होतात, हव्या तर दोन, तीन, चार, पाचने भागून बघा. आठच्या गठ्ठ्यांत अशा तीन संख्या आहेत. बाराच्या, म्हणजे डझनाच्या हिशोबात एकही नाही. डझनावर चालणाऱ्या केळीवाल्याला हा चमत्कार दाखवताच आला नसता.

कागद परत पाठवते आहे. पट्ट्यांवर शेतकऱ्यांची नावं आहेत, त्या बाहेर देऊ नका.

प्रश्न : बाई, मी कऱ्हाडला ट्रकचा धंदा करतो. नवीन गाडीला नंबर घ्यायचाय. मेव्हण्यानं ३८१६५४७२९ ही फार भारी संख्या आहे असं सांगितलं. गाडीला ३८१६ घेतला तर लाभेल का?
— एक ट्रकमालक, कऱ्हाड

उत्तर : दादा, लाभाचं मला विचारू नका, टायरच्या हवेचं विचारलंत तरी मी जास्त उपयोगी पडेन. एमएच ५० पुढं ३८१६ छान दिसेल. पहिले दोन अंक २ ने जातात, तीन ३ ने आणि चार ४ ने, एवढं तुमच्या गाडीच्या नशिबी नक्की. पण तुमच्या मेव्हण्याला सांगा, चारने जाणारी गाडी तर रस्त्यावर दर चार गाड्यांमागे एक असते. पसंतीच्या नंबराला जास्तीचे पैसे पडणार असतील तर ते विम्यात घाला.

प्रश्न : नमस्कार बाई. मी वाईला नववीत आहे. मागच्या महिन्यात तुम्ही चौकटीत ३८१६५४७२९ दिली होती. मी पुढे शून्य लावलं तर ३८१६५४७२९० झाली आणि ती १० ने जाते. मग ११, १२, १३ पर्यंत मी वाढवत नेली (अंक परत वापरले तर चालतात ना?). चौदाव्या अंकाला मात्र काहीच बसत नाही. माझं चुकलं का? आणि अशा संख्यांना नाव काय?
— एक विद्यार्थिनी, वाई

उत्तर : बाळ, चुकलं नाही. मी तुझी वही शेजारी ठेवून एकेक पायरी केली. शून्यानंतर अकरासाठी ६ शिवाय दुसरं काही बसत नाही, बारासाठी ० च, तेरासाठी ८ च. झाली ३८१६५४७२९०६०८. प्रत्येक ठिकाणी एकच दार उघडं होतं आणि तुला चारही सापडली. आता चौदावा. चौदाने जायचं म्हणजे दोनने आणि सातने. सातने जायला शेवटी ५ च हवा. दोनने जायला सम हवा. ५ सम नाही. झालं. याच सदरात वर एका आजोबांचं सातशी भांडण छापलंय, ते वाच. तुझंही त्याच्याशीच आहे, फक्त तो चौदाच्या वेषात आलाय.

अंक परत वापरायची मोकळीक दिली की ही मोठी जत्रा होते. एक अंकी ९, दोन अंकी ४५, तीन अंकी १५०, चार अंकी ३७५, पाच अंकी ७५०. पाचला बरोबर दुप्पट का झाल्या? कारण प्रत्येकीच्या शेवटी ० किंवा ५ लावता येतो. असं वाढत वाढत नऊ अंकी २४९२ होतात आणि दहा अंकीही तेवढ्याच २४९२, कारण दहासाठी शून्याशिवाय पर्याय नाही, एकीला एकच. तिथून उतार लागतो. शेवटी लावायला अंक दहाच, आणि भागायचं अकराने, बाराने, तेराने, मग कित्येकींना काहीच बसत नाही. तुझी तेराव्याला थांबली. काही वीसपर्यंत जातात. चोवीस अंकी तीन उरतात, पंचवीस अंकी एक :

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

सव्विसावा अंक हिलाही लागत नाही. सगळ्या मिळून अशा संख्या २०,४५६. मी शेवटची घेऊन पंचवीसपर्यंत पायऱ्या करायला बसले होते, सतराव्याला लाईट गेली आणि मी उठले. तू पूर्ण कर. आठसाठी शेवटचे तीन अंक, सातसाठी जमा-नावे, अकरासाठी एकाआड एक बेरजा. सतरा, एकोणीस आणि तेवीस यांना सरळ भागाकारच कर, तिथं फार हुशारी चालत नाही.

नावाचं म्हणशील तर इंग्रजी पुस्तकांत पॉलिडिव्हिजिबल म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द मला आवडेल असा नाही, मी वर्गात 'पायरीच्या संख्या' म्हणायचे. नाव ठेवायची कामं करावीत तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. देवळालीला शाळेत शिकवायचे आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळायचे. ६१७४ त्यांच्या नावानं ओळखली जाते. आपल्या अंकांच्या बेरजेनं जी संख्या निःशेष जाते तिला त्यांनी हर्षद म्हटलं, आनंद देणारी. गावाच्या नावावरून देवळाली संख्याही केल्या. मग मी तपासलं, आपली ३८१६५४७२९ हर्षद आहे का? अंकांची बेरीज ४५. पंचेचाळीसने जायचं तर पाचने जायला हवं, आणि शेवटी आहे ९. म्हणजे नाही. पण तू लावलेल्या शून्यानं बघ काय केलं : ३८१६५४७२९० ची बेरीज तीच ४५, ती नऊने जाते, पाचनेही जाते, आणि झाली हर्षद.

पंचवीस अंकीची वही टपालानं पाठव, फोटो नको. मला खोडलेलं बघायचंय.